‘मला वाटतं’ला गुण किती?

पहिली ते चौथीच्या मुलांकडून ‘तुला काय वाटतं? का?’ हे लिहून घ्यायला बऱ्याच वर्गांत सुरुवात झाली आहे. पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत जे ‘स्वमत’ (स्वतःचं मत कारणांसह लिहिण्याचा प्रश्न) येतं, त्याची ही पहिली पायरी. लिहून घेणं जमतं, तपासताना मात्र अडतं, असं पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांवरून दिसतं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

तिसरीला पाच गुणांचा प्रश्न ठेवते : ‘तुम्हाला कोणता ऋतू आवडतो? का?’ तपासायला बसलं की सगळ्यांनाच तीन किंवा चार पडतात. शून्य द्यायला जीव होत नाही आणि पाच द्यायला हात धजत नाही. नेमकं बघायचं काय?
– शिक्षिका, हडपसर

पाच गुण कशाकशाचे, हे प्रश्न काढताना ठरलेलं नसलं की असंच होतं. मग तपासणारा नकळत अक्षर, ओळींची संख्या आणि ‘ही मुलगी हुशार आहे’ ही आधीची समजूत यांवर गुण देत जातो. वाटणी आधीच कागदावर लिहून ठेवा. तिसरीला ही चालते : मत कळेल असं सांगितलं तर १, कारणाला २, कारणाच्या तपशिलाला १ आणि वाक्यं एकमेकांना नीट जोडली असतील तर १. तपशील म्हणजे एखादं उदाहरण, घडलेला प्रसंग किंवा ‘त्यामुळे काय होतं’. कोणता ऋतू निवडला, याला एकही गुण नाही.

सगळी मेख कारणाच्या दोन गुणांत आहे. कारणच नसेल किंवा मतच फिरवून लिहिलं असेल तर शून्य. कारण आहे, पण ते कशालाही चिकटवता येतं (‘छान असतं’, ‘मजा येते’), तर एक. कारण त्याच गोष्टीचं आहे, दुसरीकडे बसत नाही, तर दोन. शंका आली तर अदलाबदल करून बघा. ‘पावसाळा’ काढून तिथे ‘आइस्क्रीम’ घाला. वाक्य तरीही तसंच उभं राहिलं तर कारण ढोबळ आहे.

तिसरीच्या वहीत हमखास सापडतील अशी चार उत्तरं घेऊ.

‘मला पावसाळा आवडतो कारण पावसाळा मला खूप आवडतो. पावसाळा छान असतो. पावसाळा मस्त असतो.’ अक्षर मोत्यासारखं, तीन पूर्ण वाक्यं. मताचा १. पहिलं वाक्य गोल फिरून आलं, पुढची दोन ढोबळ आहेत, तरी उदार होऊन कारणाला १ देऊ. ‘कारण’ हा शब्द आहे, पण त्याने काहीच जोडलं नाही, म्हणून जोडणीला शून्य. एकूण २.

‘पावसाळा नको. चप्पल तुटते. आई वरडते.’ मत १, कारण २, तपशील १ (चप्पल तुटल्यावर काय होतं ते सांगितलं), जोडणी शून्य. एकूण ४. नेहमीच्या तपासणीत या दोन मुलांचे गुण बरोब्बर उलटे पडतात.

‘मला उन्हाळा आवडतो कारण सुट्टी असते. खेळायला मिळतं. मजा येते. आनंद होतो.’ वरवर चार कारणं दिसतात, पण खरं एकच आहे, सुट्टी. बाकीची त्याचीच पिल्लं. मत १, कारण २, जोडणी १. काय खेळतो, कुठे, कोणाबरोबर, हे नाही, म्हणून तपशील शून्य. हेही ४. म्हणजे दोघांना सारखेच गुण, पण एकाला ‘कारण’ आणि ‘म्हणून’ने वाक्यं जोडायला शिकवायचं आहे आणि दुसऱ्याला एखादा प्रसंग घालायला. नुसती बेरीज मांडली तर हा फरक गिळला जातो, म्हणून वहीत चारही आकडे सुटे लिहा.

चौथं उत्तर फसवं असतं : ‘मला हिवाळा आवडतो. हिवाळ्यात थंडी असते. लोक स्वेटर घालतात. शेकोटी पेटवतात.’ हा ‘माझा आवडता ऋतू’ निबंध झाला. माहिती बरोबर आहे, पण ‘का’चं उत्तर नाही. अशा मुलाला जवळ बोलावून एकदाच विचारा, ‘यातलं तुला काय आवडतं?’ तो ‘शेकोटीपाशी आजोबा गोष्ट सांगतात’ म्हणाला, तर त्याच्याकडे कारण आहे, ते कागदावर येत नाहीये. लेखी गुण बदलू नका. शेजारी ‘तोंडी कारण देतो, लिहिताना सुटतं’ एवढी नोंद करा.

आणखी एक. ‘तीन कारणे लिहा’ अशी अट तिसरीला घालू नका. मुलं एकाच कारणाचे तीन तुकडे करून देतात. तिसरीला तपशिलासह एक कारण आणि चौथीला वेगवेगळी दोन, एवढं भरपूर आहे.

आमच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांनी अमेरिकेतला एक रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांचा तक्ता, आणला आहे. तोच मराठीत उतरवून मराठीच्या तासाला वापरा, असं सांगितलंय. चालेल का?
– शिक्षक, बाणेर

ती चौकट बहुधा कॉमन कोअरवरून बेतलेली असेल. कोणत्या इयत्तेत मुलांना काय यावं, हे सांगणारा हा २०१०चा अमेरिकी आराखडा. त्यात पाचवीपर्यंत ‘मत’ लिहायचं असतं आणि सहावीपासून ‘युक्तिवाद’. चढण नीट विचार करून लावलेली आहे. बालवाडीत चित्र काढून, सांगून किंवा लिहून आवड कळवायची. पहिलीत मत, एक कारण आणि थोडासा समारोप. दुसरीत एकाहून जास्त कारणं आणि ती जोडणारे शब्द. तिसरीत कारणं मांडण्याची रचना. चौथीत त्या कारणांना तथ्यांचा आणि तपशिलाचा आधार. ही चढण जरूर घ्या. तक्ता मात्र शब्दशः उतरवू नका. मराठीत तो दोन ठिकाणी अडतो.

पहिलं म्हणजे क्रम. तिकडच्या तक्त्यांत मत आरंभी येतं, कारणं मागाहून. मराठी मूल सहज बोलतं ते बरेचदा उलट : ‘चिखल होतो, कपडे वाळत नाहीत, म्हणून मला पावसाळा नको.’ यात मत शेवटी आहे आणि रचना निर्दोष आहे. ‘पहिल्या वाक्यात मत मांडले’ असा निकष लावलात तर या मुलाचा गुण कापला जाईल. निकष ‘मत कुठेतरी स्पष्ट आहे’ असा ठेवा.

दुसरं म्हणजे समारोप. त्याला वेगळा गुण ठेवला की महिन्याभरात अख्खा वर्ग ‘अशा प्रकारे मला पावसाळा खूप खूप आवडतो’ या ओळीवर येऊन थांबतो. तो गुण पाठांतराला जातो. चौथीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत समारोपाला गुण नकोत. तेव्हाही ‘शेवटच्या वाक्यात काही नवं आहे का, निदान एखादी विनंती किंवा सूचना?’ एवढंच बघा.

जोडशब्दांची यादीही मराठीचीच करा. दुसरीला ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘आणि’. तिसरीला ‘त्यामुळे’, ‘शिवाय’, ‘जर-तर’. चौथीला ‘पण’ आणि ‘तरी’. ‘खिचडी रोज असते पण गरम असते, म्हणून मला चालते’ असं चौथीतलं मूल लिहू लागलं की ते दुसरी बाजू तोलायला लागलं आहे. या ‘पण’ची वेगळी नोंद घ्यावी, इतका तो मोलाचा.

कारण चांगलं असतं, पण दहा शब्दांत सात चुका. ‘कारन’, ‘पानी’, ‘पाउस’. शुद्धलेखनाचे गुण कापायचे की नाही? आमच्याकडे घरी हिंदी किंवा लमाणी बोलणारी मुलंही आहेत.
– शिक्षिका, वाघोली

स्वमताच्या पाच गुणांतून कापू नका. एकाच आकड्यात दोन गोष्टी कोंबल्या की त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पाचपैकी दोन मिळालेल्या मुलाला विचार करायला शिकवायचं की वेलांट्या? शुद्धलेखन मोजायला श्रुतलेखन आहे, अनुलेखन आहे. तिथे मोजा.

वाचताना साधी कसोटी अशी : मजकूर पुटपुटत वाचा. कानाला कळला तर आशयाचे पूर्ण गुण. वाचूनही कळला नाही तर मुलाकडून वाचून घ्या. त्याने अडखळत का होईना, सलग अर्थ लागेल असं वाचलं तर ते गृहीत धरा.

सात चुका खरंच सात आहेत का, तेही तपासा. ‘कारन’, ‘पानी’, ‘आनी’, ‘कोन’ ही एकच चूक चार वेळा झाली आहे. मुलाच्या घरी ‘ण’ बोलला जात नसेल, तर तो जे ऐकतो तेच प्रामाणिकपणे लिहितो आहे. ‘पाउस’, ‘आइ’, ‘भाउ’ ही दुसरी एक चूक. एका वेळी चुकीचा एकच प्रकार निवडा. समासात जास्तीत जास्त दोन शब्द बरोबर लिहून दाखवा, तेही पुढच्या लेखनात पुन्हा लागतील असे. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे दोन बसले की निम्मं काम झालं. लाल गोलांनी वही भरली की पुढच्या वेळी मूल फक्त येणारे शब्द वापरतं. ‘वरडते’च्या जागी ‘छान’ येतं आणि लेखन चपटं होतं.

‘वरडते’, ‘म्या’, ‘लई’ हे चुकांत धरू नका. ‘ग्राउंड’, ‘टीव्ही’, ‘होमवर्क’ यांनाही दंड नको. हिंदी बोलणाऱ्या मुलाने ‘क्योंकि’ लिहिलं तर जोडणीचा गुण द्या, कारण जोडलेलं आहे, आणि शेजारी ‘कारण’ लिहा. लमाणी बोलणारं मूल मराठीत अडत असेल तर आधी जोडीदाराशी त्याच्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत लिहायला सांगा. लेखनात फरक लगेच दिसतो. भिंतीवर लावायचा किंवा कोणाला पाठवायचा मजकूर असेल, तेव्हाच दुसरा खर्डा करून सगळं दुरुस्त करा.

पहिलीच्या मुलांना वाक्यच लिहिता येत नाही. त्यांचं मत कसं तपासणार?
– शिक्षिका, येरवडा

सांगू द्या आणि तुम्ही लिहून घ्या. वय ३ ते ८च्या पायाभूत स्तरासाठी २०२२चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा लेखी परीक्षा नकोच म्हणतो. निरीक्षण आणि मुलांच्या कामाचे नमुने पाहणं, हे दोन मार्ग तो सुचवतो. त्यामुळे हे काम नियमाबाहेरचं नाही.

मूल आधी चित्र काढतं. मग तुम्ही विचारता, ‘हे तुला आवडतं की नाही?’ आणि ‘का?’ इथे घाई होते. ‘का?’ विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, तोवर गप्प राहा. आपण दुसऱ्याच सेकंदाला ‘गोड असतं म्हणून ना?’ असं सुचवतो आणि मूल मान हलवतं. ते मत मग तुमचं झालं. उत्तर आलं की फक्त एकदा ‘म्हणजे काय होतं?’ विचारा. तपशील इथे मिळतो.

बोललेलं जसंच्या तसं लिहा. ‘मना झोका आवडतो, पोटात गुदगुल्या होत्यात’ याचं ‘मला झोका आवडतो कारण पोटात गुदगुल्या होतात’ केलंत, तर ‘कारण’ तुम्ही घातलंत आणि नोंद खोटी झाली. लिहून झालं की शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवा. मुलाला काही बदलायचं असेल तर बदलू द्या. कोपऱ्यात तारीख आणि ‘सां’ किंवा ‘लि’, म्हणजे सांगितलेलं की स्वतः लिहिलेलं, एवढी खूण करा. दिवाळीपूर्वीच्या कागदावर सगळं ‘सां’ आणि मार्चमधल्या कागदावर एखादं ‘लि’, हीच प्रगती. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. रोज पाच मुलं घेतली तर तिशीचा वर्ग सहा दिवसांत होतो.

पहिलीला गुण नकोत. मत सांगितलं का, कारण दिलं का, ते विचारल्यावर दिलं की आपणहून, या तीन खुणा पुरतात.

पंचेचाळीस मुलांचं उत्तर एकच. ‘झाडे लावावीत, कारण झाडे ऑक्सिजन देतात.’ एकमेकांचं बघून लिहिलंय असंही नाही. काय चुकतंय?
– शिक्षक, पिंपरी

प्रश्न चुकतोय. ‘झाडे लावावीत का?’ला ‘नको’ म्हणायची मुभा कुणालाच नाही, तेव्हा मुलं पुस्तकातलं वाक्य परत करतात. ‘मोबाईल चांगला की वाईट?’चंही तेच. बाईंना कोणतं उत्तर हवंय, हे दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. विषय देण्यापूर्वी दोन मिनिटांत स्वतः दोन्ही बाजूंची दोन-दोन कारणं लिहून बघा. एका बाजूची सुचली नाहीत तर विषय बाद.

दुसरी गफलत अनुभवाची. ‘सहल सिंहगडावर न्यावी की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात?’ हा दोन बाजूंचा, चांगला वाटणारा प्रश्न आहे. पण दोन्ही ठिकाणी गेलेल्या मुलाला तपशील सुचतो आणि कुठेच न गेलेल्याला नाही. तुम्ही मग लेखन न मोजता घरची ऐपत मोजता. गुण द्यायचे असतील तर विषय सगळ्यांनी पाहिलेलाच हवा, आणि तो शाळेतच भरपूर मिळतो. मधली सुट्टी मोठी एकच असावी की छोट्या दोन? बसायच्या जागा रोज बदलाव्यात का? खेळाच्या तासाचा खेळ बाईंनी ठरवावा की मुलांनी? खिचडी वर्गात बसून खावी की व्हरांड्यात? गणेशोत्सवानंतर ‘मूर्ती घरी बादलीत विसर्जन करावी की हौदावर न्यावी?’ हाही चौथीत छान रंगतो. मात्र सगळ्यांच्या घरी गणपती नसतो, म्हणून तो चर्चेला ठेवा, गुणांना नको. पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद असतात, त्यावरचा प्रश्न पेठांतल्या शाळांत चालेल, पिंपरीत नाही.

‘आई जास्त आवडते की बाबा?’ हा प्रश्न कधीही नको. वर्गात एक पालक असलेली मुलं असतात, कोणीच नसलेलीही असतात.

वाचणारा कोण, हेही प्रश्नात घाला. ‘मधल्या सुट्टीविषयी मत लिहा’ आणि ‘मधली सुट्टी कशी असावी, हे मुख्याध्यापकांना पटवून देणारी चिठ्ठी लिहा’ यांत दुसऱ्याला मिळणारी कारणं जास्त टोकदार असतात, कारण कोणाला तरी पटवायचं असतं. चिठ्ठ्या खरंच मुख्याध्यापकांकडे गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर पुढच्या वेळी मुलं ओळखतात.

लिहिण्यापूर्वी फळ्यावर नमुना उत्तर लिहू नका. चर्चा करायची तर वेगळ्या विषयावर करा आणि लिहायला वेगळा द्या. फळ्यावर सुटे शब्द चालतील, पूर्ण वाक्य नको. पस्तीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं जोडीत बोलणं, पंधरा मिनिटं लेखन, पाच मिनिटं स्वतःचं वाचून बघणं. बाकीची दहा वह्या वाटण्यात आणि पेन्सिलीला टोक करण्यात जाणारच.

वर्गात ४२ मुलं. प्रत्येकाच्या वहीत शेरा लिहायचा तर रविवार जातो. शिवाय वर्णनात्मक नोंदी वेगळ्या. काही जवळचा रस्ता?
– शिक्षिका, धायरी

प्रत्येक वेळी सगळ्यांना शेरा द्यायची गरज नाही. आधी न थांबता वाचत जा आणि तीन ढीग करा : मत आहे पण कारण नाही, कारण आहे पण तपशील नाही, दोन्ही आहे. एका वहीला पाऊण मिनिट धरलं तर ४२ वह्या अर्ध्या तासात होतात. दुसऱ्या दिवशी तीन गटांना तीन वेगळी कामं द्या. पहिल्या गटाबरोबर तुम्ही बसा. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाने आपल्या कारणाखाली ‘उदाहरणार्थ’ किंवा ‘एकदा’ लिहून एक वाक्य वाढवायचं. तिसऱ्याने उलट बाजूचं एक कारण शोधून ‘पण’ने उत्तर द्यायचं. शेरा लिहून जे साधलं नसतं ते या तासात साधतं. अनुभवी शिक्षक शेरे कमी लिहितात ते आळसाने नव्हे.

लेखी शेरा दिवसाला सात वह्यांना, म्हणजे सहा दिवसांत वर्ग पूर्ण. शेऱ्यात दोनच गोष्टी असाव्यात : काय जमलं ते मुलाच्या शब्दांचा उल्लेख करून, आणि पुढचं एक काम. ‘चप्पल तुटते हे कारण पटलं. पुढच्या वेळी “म्हणून” वापर.’ ‘छान’, ‘उत्तम’, ‘सुधारणा हवी’ यांतून मुलाला काहीच कळत नाही. ‘अक्षर सुधार’ हा तर स्वमताच्या वहीत शोभतच नाही.

नोंदींचं गणित सोपं आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला आकारिकचा (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचा) वाटा ७० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. स्वमतलेखन आकारिकमध्ये स्वाध्याय किंवा वर्गकार्य म्हणून सहज बसतं आणि तोंडी सांगितलेलं तोंडी कामात. त्यासाठी वेगळी चाचणी लावायची गरज नाही. वर्णनात्मक नोंद ही वर्षभराच्या सुट्या आकड्यांवरूनच लिहा. ‘स्वतःचे मत मांडतो’ ही ओळ ४२ पानांवर उतरवली तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला तिचा उपयोग शून्य. ‘कारण देते; प्रसंग घालायला आठवण करावी लागते; “म्हणून” नीट वापरते’ ही नोंदही तेवढ्याच जागेत मावते.

‘अ’ आणि ‘ब’ तुकडीचे शिक्षक एकाच उत्तराला दोन आणि चार गुण देतात. पालक विचारतात. काय करावं?
– मुख्याध्यापिका, सदाशिव पेठ

दोघांना एकत्र बसवा, पण आधी वेगवेगळं तपासू द्या. दोन्ही तुकड्यांतली मिळून आठ उत्तरं घ्या, नावं झाका, छायाप्रती काढा. दोघांनी न बोलता गुण द्यावेत. मग फक्त जिथे एकापेक्षा जास्त गुणाचा फरक आहे तीच उत्तरं काढा आणि ‘कारणाला किती दिले?’ असं घटकावार विचारा. ‘एकूण किती?’ विचारलंत तर वाद होतो. घटकावार विचारलंत तर फरक बहुधा कारणाच्या १ आणि २ मध्ये किंवा तपशिलात सापडतो. तिथे निर्णय करा आणि निकषापुढे एका ओळीत लिहून ठेवा. पाच, चार, तीन, दोन, एक अशा प्रत्येक गुणाचं एक-एक उत्तर ‘नमुना’ म्हणून फाइलला लावा. पुढच्या सत्रात तपासणीआधी दोघांनी हे पाच कागद वाचायचे. नवीन शिक्षक आले तरी मोजपट्टी तीच राहते.

फरकाची आणखी दोन कारणं असतात, ती निकषाने जात नाहीत. पहिल्या दहा वह्या कडक आणि शेवटच्या दहा सैल तपासल्या जातात. त्यावर उपाय म्हणजे शेवटी पहिल्या पाच पुन्हा बघणं. आणि अत्यंत चांगल्या उत्तरानंतर आलेलं साधं उत्तर आहे त्याहून फिकं दिसतं. हजेरीक्रमाने तपासत असाल तर तेच मूल दरवेळी त्याच हुशार मुलीमागे येतं. गठ्ठा पिसून घ्या.

दुसरीतल्या मुलाने ‘मला शाळा आवडत नाही कारण मोठी मुलं डबा घेतात’ असं लिहिलं. त्यावर काट मारून ‘असे लिहू नये’ शेरा आला. आम्ही काय करावं?
– पालक, वारजे

लेखन म्हणून ते दुसरीसाठी उत्तम आहे : मत आहे, नेमकं कारण आहे, ‘कारण’ने जोडलेलं आहे. मत पटलं नाही म्हणून काट मारता येत नाही. मुलाला तेवढं स्पष्ट सांगा, ‘तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस.’

पण इथे गुणांपेक्षा मोठी गोष्ट आहे. मुलाने तक्रार लिहिली आहे. वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि शेऱ्यावर न अडता आधी डब्याचं विचारा. कधी, कुठे, कोण, मधल्या सुट्टीत तिथे कोण मोठं माणूस असतं? शिक्षकांसाठीही हेच : अशा ओळीपुढे पेन खाली ठेवायचं आणि त्याच दिवशी मुलाशी एकट्याने बोलायचं. मार, स्पर्श किंवा घरातली भीती असं काही लेखनात दिसलं तर ते वर्गात मोठ्याने वाचू नका, मुख्याध्यापकांना लगेच सांगा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे.

मुलांनाच एकमेकांचं तपासायला दिलं तर?
– शिक्षक, भोर

तिसरीपासून द्या, पण गुण द्यायला नको. जोडीदाराने निळ्या खडूने मताखाली आणि हिरव्याने कारणाखाली रेघ मारायची. हिरवी रेघ मारायला जागाच सापडली नाही तर लिहिणाऱ्याला न सांगताच कळतं. मग एकच प्रश्न विचारायचा : ‘म्हणजे काय?’ किंवा ‘कधी झालं असं?’ वाचता न येणारा जोडीदार असेल तर लिहिणाऱ्याने वाचून दाखवावं. त्यानंतर पाच मिनिटं भर घालायला द्या, काकपदाची (^) खूण करून वर लिहिलं तरी चालेल. भर घालायला पेन्सिल नको, रंगीत पेन द्या, म्हणजे तपासताना मुलाचं स्वतःचं किती आणि प्रश्न विचारल्यावर आलेलं किती, हे वेगळं दिसतं.